सल्लागाराच्या खुर्चीतून मुलांच्या बाकावर

(प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या शुभप्रसंगी आपण मला येथे बोलावलेत याबद्दल मंडळाची मी आभारी आहे. पत्रात दोन अटी होत्या. विषय माझ्या कामाचा असावा आणि भाषण मराठीत असावे. दुसरी अट वाचून आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली, कारण माझे मराठी १९८४ सालचे आहे. त्यानंतर ते जसेच्या तसे फडताळात ठेवलेले आहे. मधूनमधून हिब्रू शब्द येतील त्याबद्दल क्षमा असावी. पण अमुता, मिकलात, बगरुत हे शब्द आपण सगळेच रोज वापरतो. त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसले तर तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

माझा जन्म मुंबईचा, माझगावचा. बाबा रेल्वेत कारकून होते. मी आपल्या सर एली कदुरी शाळेत शिकले. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच शाळेचे आहेत, हे मला चहाच्या वेळीच कळले. १९८४ साली, माझ्या पंधराव्या वर्षी, आम्ही अलिया केली. बाबांना विमान कारखान्याच्या भांडारात काम मिळाले आणि काही वर्षांनी क्वियुतही मिळाली. ज्या दिवशी क्वियुतचे पत्र आले त्या दिवशी आईने गोड चवल्याच्या करंज्या केल्या होत्या. आपल्या घरांत त्या एका शब्दाला किती मोल होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुढे सैन्यातली सेवा, विद्यापीठात अर्थशास्त्र, आणि १९९४ साली मी रामत गानमधल्या एका सल्लागार कंपनीत लागले. ही कंपनी काय करते हे आईला कधीच नीट कळले नाही. ती लोकांना सांगत असे, "माझी लेक मोठमोठ्या साहेबांना अक्कल शिकवते, आणि ते त्याचे पैसेही देतात." खरे सांगायचे तर यापेक्षा चांगली व्याख्या मलाही आजपर्यंत सापडलेली नाही. एखादी बँक, कारखाना किंवा सरकारी खाते अडचणीत असले की आम्ही तिघे-चौघे तेथे जात असू. दहा-बारा आठवडे हिशेब तपासायचे, माणसांशी बोलायचे, कोष्टके मांडायची आणि शेवटच्या दिवशी पडद्यावर चित्रे दाखवून सांगायचे की हे करा, ते बंद करा. मग टाळ्या, हस्तांदोलन, आणि दुसऱ्या सोमवारी दुसरे गिऱ्हाईक.

त्या कामाला मी नावे ठेवणार नाही. त्यावर आमचे घर झाले, मुले शिकली, आईचे ऑपरेशन चांगल्या ठिकाणी झाले. हिशेबाचा कागद कसा वाचावा आणि तो काय लपवतो हे मी तिथेच शिकले. एकच गोष्ट सतरा वर्षांत शिकले नाही. आपण सांगितलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे पाहायला मी कधी मागे वळून गेले नाही. तशी पद्धतच नव्हती.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सर्व सांगत आहे तो सांगते. २००७ साली दक्षिणेकडील एका इरियाचे काम आमच्याकडे आले. गावाचे नाव घेत नाही, कारण त्यात त्यांचा दोष कमी आणि माझा जास्त आहे. इरियाला शिक्षणाचा खर्च कमी करायचा होता. गावात मुलांसाठी दुपारच्या पाच खोल्या होत्या. आपल्याकडे प्राथमिक शाळा एक-दीडला सुटते हे आपण जाणताच. दिवसभराच्या शाळेचा कायदा १९९७ साली झाला, पण तो सगळीकडे पोहोचलेला नव्हता. आईबाप कारखान्यात, मुले रस्त्यावर. म्हणून या खोल्यांत मुलांना गरम जेवण मिळे, गृहपाठ करून घेतला जाई आणि चार-साडेचारला घरी पाठवले जाई.

मी कोष्टक मांडले. पहिली, दुसरी, तिसरीची मुले नियमित येत होती. चौथीपासून संख्या एकदम खाली, जवळजवळ निम्मी. मी त्याखाली एक वाक्य लिहिले, "वरच्या वर्गांत मागणी कमी आहे." आणि सल्ला दिला की पाचांपैकी दोन खोल्या बंद करून मुले उरलेल्या तीन खोल्यांत सामावून घ्यावीत. कागदावर ते फार सुबक दिसत होते. इरियाने तो सल्ला मानला. आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या खोल्या मी पाहिल्या नव्हत्या असे नाही. पाहिल्या होत्या, पण सकाळी दहा वाजता, कारण इरियातली बैठक अकराला होती. सकाळी दहाला तिथे खुर्च्या होत्या, मुले नव्हती.

दोन वर्षांनी, २००९ साली, त्याच गावात माझ्या मावशीकडे मलिद्याचा कार्यक्रम होता. नातीचे लग्न ठरले होते. मावशी पनवेलची. १९६३ साली हैफा बंदरात उतरल्यावर तिला आणि काकांना ट्रकमध्ये बसवून थेट त्या गावी नेले होते. आजूबाजूला वाळू आणि चार ओळी घरे. ही कथा येथे बसलेल्या कितीतरी जणांची आहे. मावशीने तीस वर्षे कापडाच्या गिरणीत काम केले आणि निवृत्त झाल्यावर ती त्या दुपारच्या खोलीत सलाड चिरायला व मुलांजवळ बसायला जात असे, पगाराशिवाय.

ताटात मलिदा वाढता वाढता ती मला म्हणाली, "गो बाय, त्या आमच्या दोन खोल्या बंद करणारी ती तेल अवीवची मंडळी, त्यात तू होतीस काय? तुझे नाव कागदावर होते म्हणून सांगत होते."

मी म्हटले, "होते, मावशी. मुले येत नव्हती ना चौथीनंतर."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "का येत नव्हती ते कोणी विचारले?" आणि मग, "पुढच्या मंगळवारी ये. चार वाजेपर्यंत थांब. नुसती बस."

मी रजा काढून गेले. तिच्याजवळ नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती, आईबाप इथिओपियाहून आलेले. तिच्यापुढे शाळेचे पाठ्यपुस्तक होते आणि मावशी हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक शब्दाखाली निकुद घालत होती. एक ओळ झाली की मुलगी ती ओळ वाचायची. घडाघडा वाचायची. पुढच्या ओळीवर निकुद नसले की तिथेच अडायची.

येथे बसलेल्या प्रत्येकाला हे मी न सांगता कळले असेल. आपल्या आजोबांनी, वडिलांनी कोकणात आणि मुंबईत सिद्दूर वाचले ते निकुद असलेले. आपण येथे आलो तेव्हा शेमा, अमिदा, तेहिलीम सगळे वाचता येत होते, पण विजेचे बिल वाचता येत नव्हते. उलपानची बाई वर्तमानपत्र पुढे टाकायची आणि आपण त्या नुसत्या अक्षरांकडे पाहत बसायचो. सामेख, पे, रेश ही तीनच अक्षरे घ्या. तो सेफेर असेल तर पुस्तक, सापार असेल तर न्हावी, साफार असेल तर त्याने मोजले. कोणता शब्द घ्यायचा हे कागद सांगत नाही, तो शब्द आधी तुमच्या कानावर पडलेला असावा लागतो. मराठीत हे संकट नाही. काना, मात्रा, वेलांटी शेवटपर्यंत सोबत असतात. समजा कोणी काढून टाकल्या आणि क, व, ळ एवढेच लिहिले, तर तो कावळा की केवळ की कोवळे हे ज्याच्या घरात मराठी बोलतात तोच ओळखेल.

इस्राएलच्या शाळांत मुले पहिलीत निकुद लावून वाचायला शिकतात आणि साधारण तिसरी-चौथीत निकुद जाते. ज्याच्या घरी आईबाप, आजी सगळे हिब्रू बोलतात, गोष्टी सांगतात, भांडतात, त्या मुलाला निकुद गेलेले कळतही नाही. ज्याच्या घरी अम्हारिक, रशियन किंवा आणखी काही बोलतात, ते मूल त्या वर्षी जिना उतरताना एक पायरी नसल्यासारखे पडते. तोपर्यंत हुशार म्हणून नावाजलेले मूल अचानक "ढ" ठरते. त्याला लाज वाटते. ज्या खोलीत सर्वांसमोर वाचावे लागते त्या खोलीत ते येईनासे होते.

माझे कोष्टक बरोबर होते. त्याखालचे वाक्य खोटे होते. ज्या वर्षी मुलांना त्या खोलीची सर्वांत जास्त गरज होती त्याच वर्षी ती येत नव्हती, आणि मी त्याला "मागणी कमी" म्हटले. बंद झालेल्या दोन खोल्यांतल्या मुलांना मोठा रस्ता ओलांडून दुसरीकडे जायचे होते. बरीचशी गेलीच नाहीत.

परत निघताना मावशीने मला बसपर्यंत सोबत केली. वाटेत ती म्हणाली, "आमचा थोरला पण तिथेच अडला होता. चौथीत. मला वाटले, पोराला डोके नाही. मास्तरीण पण तेच म्हणाली. मग त्याला मसगेरूत शिकायला पाठवला." माझा हा मावसभाऊ आज निवृत्त आहे. लोखंडकामात त्याने नाव काढले, दोन मजली घर बांधले, तो कोणापुढे कमी नाही. पण एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकांत आपली किती मुले अशीच सुतारकाम, लोखंडकाम, शिवणकामाकडे वळवली गेली, त्यांना कोणी विचारले का, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हाताच्या कामाला मी हलके समजत नाही. पण ते ज्याला आवडते त्याने निवडावे, चौथीत निकुद गेले म्हणून कोणाच्या वाट्याला येऊ नये. मावशीला मुलगा वाचताना का अडला हे कळायला चाळीस वर्षे लागली, आणि ते तिला दुसऱ्यांच्या मुलांजवळ बसून कळले.

असे वाटेल की दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. तसे काही झाले नाही. मी परत ऑफिसात गेले आणि आणखी दोन वर्षे काम केले. घराचे हप्ते होते, दोन मुले होती. महिन्यातून एक मंगळवार मात्र मावशीकडे जाऊ लागले. २०११च्या उन्हाळ्यात तेल अवीवला रोथशील्ड रस्त्यावर तरुण मुलांनी तंबू ठोकले, घरभाड्यासाठी, महागाईसाठी. ऑफिसातून घरी जाताना मी रोज त्या तंबूंवरून जात असे. त्या आंदोलनानंतर सरकारने त्राख्तेनबर्ग समिती नेमली आणि २०१२पासून तीन वर्षांच्या मुलांनाही सरकारी बालवाडी मोफत झाली. मी त्या तंबूंत कधी बसले नाही. पण सगळा देश हिशेब मांडत असताना माझा हिशेब मलाही टाळता आला नाही. त्या हिवाळ्यात मी एका अमुतामध्ये लागले. दक्षिणेतल्या आणि मध्य भागातल्या काही गावांत दुपारचे अभ्यासवर्ग चालवणारी ही छोटी संस्था. पगार निम्म्याहूनही कमी.

माझ्या यजमानांनी एकच प्रश्न विचारला, "हप्ते कसे भरायचे ते लिहून दाखव." मी लिहून दाखवले. एक गाडी विकली. मुलाची बार मित्स्वा हॉलमध्ये करायची ठरली होती, ती प्रार्थनामंदिराच्या अंगणात केली. जेवण आपल्याच बायकांनी रांधले, आणि पाहुणे आजही त्या बिर्याणीचे नाव काढतात.

बाबांचे काय? बाबा म्हणाले, "मी इतकी वर्षे भांडारात खोकी मोजली, ती तू लोकांच्या दारात वर्गणी मागत फिरावीस म्हणून?" त्यानंतर पेसाखपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीने खुर्ची मिळवायला काय सोसले ते त्यांनाच माहीत. ती खुर्ची मुलीने स्वतःहून सोडावी हे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले. मला तेव्हा ते जुन्या विचारांचे वाटत होते. आता माझी मुले नोकऱ्या करतात, आता मला बाबांचे म्हणणे जास्त कळते.

अमुतामधले माझे पहिले वर्ष वाईट गेले. मी कंपनीतल्या सगळ्या सवयी बरोबर घेऊन आले होते. शिक्षिकांना भरायला सात पानांचा तक्ता दिला. प्रत्येक मुलाची हजेरी, प्रगती, वागणूक, सगळे आकड्यांत. बेर शेवाच्या वर्गातल्या एका शिक्षिकेने तो तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "गिवेरेत, तुम्ही इथे किती दिवस आहात?" मी म्हटले, "का?" ती म्हणाली, "दरवर्षी कोणीतरी नवीन येते, नवीन तक्ता आणते आणि जाते. मी एकोणीस वर्षे इथेच आहे. तुम्ही पुढच्या सप्टेंबरात असाल तर भरते."

मी तो तक्ता परत घेतला. सप्टेंबरात गेले तेव्हा ती मला पाहून हसली.

२०१३ साली मी मुंबईला गेले. निमित्त घरातल्या लग्नाचे होते, पण मनात दुसरेही काम होते. 'प्रथम' ही संस्था १९९५ साली मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केली. वस्त्यांतल्या मुलांना वाचता यावे हे तिचे काम. त्यांच्या कामाबद्दल मी वाचले होते. त्यांची तपासणी एका कागदावर मावते. मुलाला आधी अक्षरे दाखवायची, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. ज्या पायरीवर मूल अडते ती त्याची पायरी. मग इयत्ता आणि वय बाजूला ठेवून, रोज काही वेळ, एका पायरीवरच्या मुलांना एकत्र बसवायचे. त्यांच्या बालसखी उपक्रमात त्याच वस्तीतल्या तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची तपासणी करणाऱ्यांत अभिजीत बॅनर्जी आणि एस्तर दुफ्लो हे होते, ज्यांना पुढे २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्याबरोबर नोबेल मिळाले. मला मात्र त्या कागदाने जिंकले. माझी सात पाने आणि त्यांचे एक पान! आणि त्यात मावशीची पेन्सिल होतीच की. मूल कुठे अडते ते पाहायचे आणि तिथे त्याच्याजवळ बसायचे.

त्याच फेरीत माझगावला शाळेत जाऊन आले. दारवानाने आत सोडले. मधली सुट्टी होती, मैदान मुलांनी भरलेले. आपल्या समाजाचे मूल त्यांत क्वचितच असेल. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ साली ही शाळा काढली ती आपली मुले शिकावीत म्हणून. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदत केली, पुढे कदुरींची देणगी आली आणि नाव बदलले. रिबेका रूबेन १९२२पासून कितीतरी वर्षे मुख्याध्यापिका होत्या. घरोघरच्या आजींना त्यांचा धाक आठवत असेल. माझ्या वेळीच वर्गात मुसलमान आणि हिंदू मुली आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त होत्या. आम्ही इकडे आलो, शाळा तिथेच राहिली आणि शेजाऱ्यांची मुले शिकवत राहिली. बाबांना "वर्गणी" या शब्दाचा राग होता, पण ज्या बाकावर बसून मी शिकले तो बाकही कोणाच्या तरी वर्गणीचाच होता. हे मी त्यांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "फोनचे बिल वाढेल."

परत आल्यावर आम्ही तो कागद हिब्रूसाठी तयार केला. आमच्या कागदावर दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, निकुद असलेला उतारा आणि तोच निकुद नसलेला उतारा. दोन्हींत किती फरक पडतो ते एका मिनिटात कळते. फरक मोठा असला तर त्या मुलाला अक्षरे शिकवायची नसतात, त्याच्याशी हिब्रूत खूप बोलायचे असते, गोष्टी वाचून दाखवायच्या असतात, म्हणजे शब्द कानात साठतात. आणि निकुद एकदम काढायचे नाही, आधी सोप्या शब्दांवरचे काढायचे, अवघड शब्दांवर राहू द्यायचे. हे सगळ्यांनाच लागू पडले असे नाही. काही मुलांचा त्रास निराळाच होता, एकाला तर चष्मा हवा होता. तीन वर्षे आम्ही त्याला वाचायला शिकवत होतो.

पैशाबद्दल थोडे बोलते, कारण सभेनंतर नेहमी तेच विचारतात. अमुता म्हणजे १९८०च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था. दरवर्षी हिशेब सादर करून योग्य व्यवस्थापनाचा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर सरकारी मदत मिळत नाही. कलम ४६ची मान्यता असली तर देणगीदाराला देणगीच्या ३५ टक्के इतकी आयकरात सूट मिळते. कंपनीतले शिक्षण मला कामी आले ते येथे. इरियाचे पैसे उशिरा येतात, शिक्षिकांचा पगार उशिरा देता येत नाही, मधले चार महिने कसे काढायचे हे गणित मला येत होते. देणगी देणारी मंडळी चांगली असतात, पण बहुतेक जण एका वर्षाचे पैसे देतात आणि वर्षाअखेर निकाल मागतात. मूल एका वर्षात तयार होत नाही. पूर्वी मी स्वतः अशा बैठकीत पलीकडच्या बाजूला बसून निकाल मागत असे, म्हणून त्यांना कोणत्या भाषेत समजावायचे ते मला कळते. दोनदा मी देणगी परत केली आहे, कारण दात्यांना दर महिन्याला मुलांचे फोटो हवे होते.

२०१४ साली आम्ही मावशीच्या गावात गेलो. बंद झालेल्या दोन खोल्यांपैकी एक पुन्हा उघडली. दुसरी नाही उघडता आली. तिथे इरियाचे जुने सामान भरलेले होते आणि आजही आहे. त्या गावी गेले की मी त्या दारावरून जाते. ज्या मुलांची ती सात वर्षे गेली ती आता सैन्यातून परत आलेली आहेत. त्यांना मी कोण हे माहीत नाही.

बाबा एकदा खोली पाहायला आले. मुलांशी बोलले नाहीत. कपाटातली पुस्तके पाहिली, कोणती कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या खेपेला येताना त्यांनी एक जाड रजिस्टर आणले, रेल्वेतल्यासारखे रकाने आखले आणि प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिला. आकडे मराठी. शिक्षिकांनी तक्रार केली की हे आकडे आम्हाला वाचता येत नाहीत. बाबा म्हणाले, "मग शिका." २०१६ साली बाबा गेले. मी नोकरी सोडली ते बरे केले असे त्यांनी कधीही म्हटले नाही. रजिस्टर आमच्याकडे आहे, आणि तिथल्या मुलांना दहापर्यंत मराठी आकडे येतात.

आता आपल्या या रामला गावाबद्दल. बाजाराच्या मागच्या मिकलातीत आमचा एक वर्ग चालतो. बुखाराच्या, इथिओपियाच्या घरांतली मुले आहेत, आपल्याही दोन घरांतली नातवंडे आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा बाके बाहेर काढावी लागली, मिकलात पुन्हा मिकलात झाली. शाळा बंद, मुले घरी, भोंगे वाजत होते. वर्ग पुन्हा भरला तेव्हा पुष्कळ मुले वाचनात मागे गेली होती, काही तर बोलतही नव्हती. विद्यार्थी स्वयंसेवक आम्हाला मिळतात. १९७४ साली वाइझमन संस्थेत सुरू झालेल्या पेराखसारख्या योजनेतून कॉलेजची मुले येतात. पण त्यांची परीक्षा आली की ती जातात. तीन वर्षे तोच चेहरा समोर राहील असा माणूस मिळत नाही.

मी येथे वर्गणी मागायला आलेले नाही, तेवढे बाबांसाठी. मला हवी आहेत निकुद जाणणारी माणसे, आणि या दालनात ती जितकी आहेत तितकी रामत गानच्या कोणत्याही इमारतीत नाहीत. तुमचे हिब्रू मोडके आहे म्हणून संकोच करू नका. मावशीचेही मोडके होते. मुलांना तेच आवडायचे, कारण तिच्या चुका ती दुरुस्त करायची.

मंगळवारी अडीच ते साडेचार. मिकलातीच्या सहा पायऱ्या उतराव्या लागतात, उजव्या हाताला कठडा आहे. चष्मा आणि टोकदार पेन्सिल बरोबर आणा, आमच्या पेन्सिली मुले चावतात. चहा मी करते, आल्याचा.